जुन्या गाडीचा ब्रेक धरतोय? आधी कारण शोधा, मग पाना हातात घ्या

ब्रेकवरून पाय काढला तरी ब्रेक पूर्ण सुटत नाही, चाक जड फिरतं, गाडी ओढल्यासारखी चालते. गॅरेजच्या भाषेत याला 'ब्रेक धरतोय' म्हणतात. मारुती ८००, झेन, सँट्रो, इंडिका अशा पंधरा-वीस वर्षं पळालेल्या गाड्यांत हा आजार सर्रास दिसतो. या गाड्यांना साधारणपणे पुढे डिस्क ब्रेक (चाकाबरोबर फिरणारी तबकडी, जिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात) आणि मागे ड्रम ब्रेक (फिरणारा डबा, ज्याला आतून शू दाबतात) असतात, त्यामुळे खालची सगळी चर्चा त्याच रचनेला धरून आहे.

या तक्रारीवर गॅरेजमधून हमखास मिळणारं उत्तर म्हणजे 'पॅड बदलून टाकू'. पॅड बदलल्यावर गाडी आठ-पंधरा दिवस झकास चालते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. असं होण्याचं कारण सोपं आहे. नवीन जाड पॅड बसवायचे तर पॅड दाबणारा पिस्टन आत ढकलावा लागतो, कॅलिपर (पिस्टन आणि पॅड धरणारा डिस्कवरचा जबडा) हलवावा लागतो, आणि या हलवाहलवीत अडकलेली वस्तू तात्पुरती मोकळी होते. मूळ दुखणं तसंच राहतं. म्हणून माझा आग्रह एवढाच की कुठलाही पार्ट विकत घेण्याआधी चाक नेमकं कशामुळे धरतंय ते ठरवा. त्यासाठी लागणारी तपासणी जवळजवळ फुकट आहे आणि नवख्या माणसालाही जमते.

तपासणी कोणीही करावी. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना आणि पॅड साफ करणं एका दुपारचं काम आहे, तेही स्वतः करता येतं. पिस्टन काढून सील बदलायचं असेल तर पहिल्या वेळी माहितगार माणूस शेजारी हवा. मास्टर सिलेंडर (पॅडल दाबलं की ब्रेक ऑइलवर दाब आणणारा मुख्य सिलेंडर) उघडायची वेळ आली तर ते काम मेकॅनिकलाच द्या.

कुठलं चाक धरतंय?

पाच-सात किलोमीटर गाडी चालवा. रस्ता असा निवडा की ब्रेक फारसा मारावा लागणार नाही. शेवटी थांबतानाही जमेल तेवढं गिअरवर गाडी हळू करा. उतरल्यावर लगेच प्रत्येक चाकाच्या रिमजवळ हात न्या. रिमला हात लावू नका, धरलेल्या चाकाचा रिम चटका देतो. चारही चाकं कोमट असतील तर ठीक. एखाद्याच चाकातून धग येत असेल, जळकट वास येत असेल, तर तेच आपलं चाक. हल्ली हजार-बाराशेच्या आत लांबून तापमान मोजणारा थर्मामीटर मिळतो. त्याने डावं-उजवं आकड्यात ताडून पाहता येतं.

तापलेल्या चाकावर पाणी ओतायची खोड अनेकांना असते. ते टाळा. लालबुंद नसली तरी तापलेली डिस्क एकदम थंड पडली की वाकडी होऊ शकते, आणि मग ब्रेक मारताना पॅडल थरथरायला लागतं. एकाला दोन दुखणी कशाला?

बाकी खुणा चालवतानाच कळतात. गाडी एका बाजूला खेचते, ॲव्हरेज पडतं, एका चाकाच्या व्हीलकॅपवर काळी पूड दुसऱ्यापेक्षा जास्त साचते, न्यूट्रलला टाकून सोडली की गाडी लगेच मरते. यातली एका बाजूला खेचण्याची तक्रार टायरमधली हवा किंवा अलाइनमेंट यामुळेही होते, त्यामुळे केवळ तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. चाक तापण्याला खराब बेअरिंगही कारण असू शकतं, पण बेअरिंग बोलतं. वेगाबरोबर वाढणारा घुंऽऽ असा आवाज येत असेल तर आधी तिकडे बघा.

ही गोष्ट अंगावर काढू नये. चाक धरलं की ब्रेक ऑइल तापतं. डॉट ३ प्रकारचं नवं ऑइल २०५ अंश सेल्सिअसच्या पुढे उकळतं, पण हे ऑइल हवेतली ओल शोषत राहतं आणि ओल धरलेल्या ऑइलची किमान मर्यादा १४० अंशांवर येते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पॅडल सरळ खाली जातं. खंबाटकी किंवा आंबा घाट उतरताना हे झालं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

गाडी उचलण्याआधी

सपाट, घट्ट जमीन हवी. सोसायटीच्या उताराच्या रॅम्पवर हे काम करू नका. पुढचं चाक उचलायचं असेल तर हँडब्रेक ओढा आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा. मागचं चाक उचलायचं असेल तर हँडब्रेक सोडलेलाच हवा (तोच तर तपासायचा आहे), मग गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका आणि पुढच्या चाकांना दगड लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करून ठेवा. मारुतीला १९ नंबरचा पाना लागतो.

गाडीसोबत येणारा जॅक टायर बदलण्यापुरता असतो. उचललेली गाडी स्टँडवर टेकवल्याशिवाय तिच्याखाली किंवा चाकाच्या खोबणीत हात घालू नका. स्टँडची जोडी हजार-दीड हजारात मिळते. विटांची उतरंड रचून त्यावर गाडी टेकवणारे लोक मी पाहिले आहेत. वीट भार सोसता सोसता अचानक फुटते.

चाक काढल्यावर आत काळी पूड दिसेल. ती फुंकू नका आणि हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये (शूवर चिकटवलेल्या घासणाऱ्या थरामध्ये) ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ती पूड फुप्फुसात गेलेली चांगली नाही. नाकावर मास्क लावा आणि ओल्या फडक्याने पुसून घ्या. फडकं फेकून द्या.

निपलची तपासणी

आता मुख्य काम. पुढचं चाक धरत असेल तर ते उचला, चाक काढा, आणि दोन नट उलटे लावून डिस्क हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) घट्ट बसवा, म्हणजे ती हलणार नाही. कोणाला तरी आत बसवून पॅडल तीन-चार वेळा जोरात दाबायला सांगा, मग पाय पूर्ण काढायला सांगा. डिस्क हाताने फिरवून बघा. हलका 'खस्स खस्स' आवाज करत फिरली तर ते सामान्य आहे, कारण डिस्क ब्रेकचे पॅड मुळात डिस्कला चाटूनच असतात. पण दोन्ही हातांनी जोर लावावा लागत असेल तर ब्रेक धरलाय.

डिस्क धरलेली असतानाच कॅलिपरच्या मागचं एअर (ऑइलमधली हवा) काढायचं निपल शोधा. त्यावर रबरी टोपी असते. निपलला पारदर्शक नळी लावा, नळीचं दुसरं टोक बाटलीत सोडा आणि निपल अर्धा वेढा ढिलं करा. यासाठी ८ किंवा १० नंबरचा पाना लागतो, आणि तो सहा कोनी रिंगचा किंवा सॉकेटचाच हवा. ओपन पाना फिरला की निपलची कड मरते. निपल गंजलं असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि सोडण्याआधी पाना किंचित घट्ट दिशेला टेकवून बघा. निपल आतच मोडलं तर काम वाढतं.

निपल उघडताच दोनपैकी एक गोष्ट होईल.

एक, ऑइल दाबाने पचकन बाहेर येईल आणि डिस्क मोकळी होईल. याचा अर्थ पाय काढूनही पाइपात दाब अडकून राहतो. कॅलिपरची बहुधा चूक नाही. दोष मागे आहे, होजमध्ये (कॅलिपरला ऑइल आणणाऱ्या रबरी नळीत) किंवा त्याच्याही वर मास्टर सिलेंडरमध्ये.

दोन, ऑइल थेंबथेंब येईल आणि डिस्क तशीच जड राहील. म्हणजे दाब नाही, तरीही पॅड चिकटून आहेत. मग दोष कॅलिपरमध्येच: पिना, पॅड किंवा पिस्टन.

पहिल्या प्रकारात अजून एक पायरी आहे. निपल बंद करा, पॅडल दाबून चाक पुन्हा धरू द्या, आणि या वेळी लोखंडी पाइप जिथे रबरी होजला मिळतो तो नट थोडा ढिला करा. चाक सुटलं तर होज निर्दोष, वरून दाब येतोय. चाक सुटलं नाही, पण निपल उघडल्यावर सुटलं, तर होज बदला. त्या होजचं आतलं रबर फुगून सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबसारखं वागतंय: पायाच्या जोराने ऑइल आत जातं, परतीचा रस्ता बंद. बाहेरून असा होज अगदी नवा दिसू शकतो, म्हणून तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. एवढी दहा मिनिटं घालवली की पॅड, कॅलिपर किट, होज यातलं नेमकं काय आणायचं हे कळतं.

एक सूचना मात्र लक्षात ठेवा. ब्रेक ऑइल गाडीच्या रंगाला खातं. सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तरीही तेच, आणि मग डॉक्टरकडे.

कॅलिपरमध्ये दोष असेल तर आधी पिना

छोट्या गाड्यांचा कॅलिपर एका पिस्टनचा आणि सरकता असतो. पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच्या उलट्या रेट्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढतो. पिना जाम झाल्या की कॅलिपर सरकत नाही, आणि दबलेला पॅड मागे येत नाही. जुन्या गाड्यांत मला सगळ्यात जास्त वेळा हाच दोष सापडला आहे, आणि हाच सगळ्यात स्वस्तात सुटतो.

कॅलिपरचे मागचे दोन बोल्ट सोडा (साधारण १२ किंवा १४ नंबर), कॅलिपर उचला आणि तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगून ठेवा. होजवर लोंबकळत ठेवू नका. होज आतून तुटतो आणि आपणच नवीन आजार लावून घेतो. आता प्रत्येक पिन दोन बोटांनी आत-बाहेर करून बघा. ती लोण्यासारखी सरकली पाहिजे. अडकत असेल तर फिरवत फिरवत बाहेर काढा. बहुतेक वेळा पिनेवरचं रबरी बूट फाटलेलं सापडेल. तिथून पाणी शिरतं, जुनं ग्रीस डांबरासारखं घट्ट होतं आणि पिनेवर तपकिरी गंज चढतो.

दोन पिना एकसारख्या दिसल्या तरी एकसारख्या असतीलच असं नाही. काही कॅलिपरमध्ये एका पिनेच्या टोकाला रबरी बुश असतो. वरची वर, खालची खाली, हे काढतानाच खुणेने लक्षात ठेवा. पिन बारीक पॉलिश पेपरने साफ करा, भोक ब्रेक क्लीनर आणि कापडाच्या बोळ्याने. पिनेवर खड्डे पडले असतील तर नवी आणा. पिना आणि बूट यांचं किट किरकोळ किमतीत मिळतं.

ग्रीस कुठलं लावता यावर पुढची दोन वर्षं अवलंबून आहेत. बेअरिंगला लावतात ते पिवळं किंवा काळं ग्रीस इथे चालत नाही. खनिज तेलातलं ग्रीस रबराला फुगवतं आणि महिन्याभरात पिन आधीपेक्षा घट्ट बसते. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस मागा, छोटी पुडी पुरते. तेही पातळ थर द्या. भोकात ठासून भरलंत तर आत कोंडलेली हवा पिनेला बाहेर ढकलत राहते. पिन आत दाबल्यावर हळूच परत बाहेर येत असेल तर बुटाची कड किंचित उचलून हवा जाऊ द्या.

पॅड हातात आहेतच तर त्यांची झीज वाचा. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजला असेल तर पिना अडकलेल्या किंवा पिस्टन मागे येत नाही. एकच पॅड तिरका, एका टोकाला पातळ झाला असेल तर एक पिन अडकलेली. पॅडचं मटेरियल ३ मिलिमीटरच्या आसपास आलं असेल तर बदला, आणि बदलाल तेव्हा डावे-उजवे दोन्हीकडचे बदला.

पॅडचे कान ज्या खाचांत बसतात तिथेही बघा. स्टीलच्या पातळ क्लिपांखाली गंजाचा पापुद्रा धरतो, क्लिप वर उचलली जाते आणि पॅड खाचेत आवळला जातो. हातोडीने ठोकून पॅड बसवावा लागला असेल तर हाच प्रकार आहे. क्लिप काढा, खालचा गंज कानसीने आणि तारेच्या ब्रशने काढा, क्लिप परत लावा. पॅड बोटाने सरकला पाहिजे, तरी खडखडायला नको.

पिस्टन

पिना साफ झाल्या, पॅड मोकळे आहेत, तरी चाक धरतंय? मग पिस्टन. जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवा, निपलला नळी लावून निपल उघडा आणि मोठ्या शिकंजाने पिस्टन हळूहळू आत दाबा. निपल उघडं ठेवण्याचा फायदा असा की कॅलिपरमधलं गढूळ ऑइल वर मास्टर सिलेंडरकडे न जाता बाटलीत येतं. आत गेल्याबरोबर निपल बंद करा. पिस्टन सरळ, एकसारख्या दाबाने आत गेला तर तो बरा आहे. शिकंजा करकचून आवळावा लागला किंवा पिस्टन तिरपा जायला लागला तर तो काढावा लागेल.

पिस्टन मागे येतो कसा, हे समजलं की पुढचं सगळं समजतं. त्याला स्प्रिंग नसते. सिलेंडरच्या खाचेत चौकोनी काटछेदाचं रबरी सील असतं. ब्रेक मारताना पिस्टन पुढे सरकतो तेव्हा ते सील पिळलं जातं. पाय काढला की पूर्ववत होताना पिस्टनला केसाएवढं मागे ओढतं. एवढ्याशा ओढीवर सगळा खेळ. सील म्हातारं होऊन कडक झालं, किंवा सीलच्या खाचेत मागच्या बाजूला खवल्यासारखा मळ साचून सील पिस्टनवर आवळलं गेलं, की ती ओढ संपते.

पिस्टन काढण्यासाठी कॉम्प्रेसरची हवा मारू नका. तो गोळीसारखा उडतो आणि मध्ये बोट आलं तर बोट जातं. होज जोडलेलाच ठेवा, कॅलिपरच्या जबड्यात लाकडी गुटका घाला आणि मदतनिसाला पॅडल हळूहळू दाबायला सांगा. ऑइलचा दाब पिस्टनला सुरक्षितपणे बाहेर आणतो. जवळजवळ सगळा बाहेर आला की मग होज सोडा आणि हाताने ओढून घ्या. खाली ट्रे ठेवा, मास्टर सिलेंडरवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी बघत राहा.

पिस्टनच्या बाहेरच्या तोंडाजवळ, धुळीच्या बुटाखाली, गंजाचं कडं दिसेल. बोटाचं नख फिरवा. नख अडकेल असे खड्डे असतील, क्रोम सोललं असेल, तर पिस्टन बदलाच. पॉलिश पेपरने खड्डा जात नाही, फक्त मोठा होतो. नुसता डाग असेल तर बारीक वॉटर पेपरने ब्रेक ऑइलमध्ये भिजवून घासा. सीलची खाच साफ करायला बांबूची काडी किंवा टूथपिक घ्या. पेचकसाने खरवडलं तर खाचेला ओरखडा पडतो आणि तिथून गळती सुरू होते. एका खाचेत चिमूटभर पांढरट-तपकिरी चुरा निघतो. तो पाहिला की चाक का धरत होतं याबद्दल शंका राहत नाही.

सफाईसाठी पेट्रोल, डिझेल, रॉकेल काहीही वापरू नका. गॅरेजमध्ये सगळे सुटे भाग डिझेलच्या डब्यात बुडवायची पद्धत आहे, पण ब्रेकच्या रबराला त्याचा थेंबही सोसत नाही. ब्रेक क्लीनर किंवा ताजं ब्रेक ऑइल, बस. नवं सील ताज्या ऑइलमध्ये बुडवून खाचेत बसवा, पिळलेलं नाही ना ते बोट फिरवून बघा, आणि पिस्टन दोन्ही अंगठ्यांनी सरळ आत दाबा. तो आपल्या हाताने जायला हवा. हातोडी लागतेय म्हणजे काहीतरी तिरकं बसलंय.

होज आणि मास्टर सिलेंडर

होज बदलताना जोडीने बदला. बॅन्जो बोल्ट (ज्याच्या मधून ऑइल जातं असा पोकळ बोल्ट) असेल तर त्याचे तांब्याचे वॉशर नवे घाला, होज पिळला जात नाही ना बघा, आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून तो टायरला किंवा स्प्रिंगला घासत नाही याची खात्री करा.

दोन किंवा चारही चाकं एकदम धरत असतील, आणि गाडी जितकी चालवावी तितकी जास्त धरत असतील, तर खालच्या पार्टच्या मागे लागू नका. आधी पॅडल हाताने वर ओढून बघा. पॅडलवरचा ब्रेक लाइटचा स्विच कोणीतरी जास्त पुढे बसवला असेल तर पॅडल पूर्ण परतच येत नाही. पॅडल हलक्या हाताने दाबून सुरुवातीला थोडा मोकळा खेळ आहे का तेही बघा. पुशरॉड (पॅडलचा जोर मास्टर सिलेंडरपर्यंत नेणारा दांडा) लांब झाला असेल तर मास्टर सिलेंडरमधलं परतीचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं. मग तापून फुगलेल्या ऑइलला डबीत परत जायला वाट उरत नाही, ते चाकांनाच दाबतं, चाकं आणखी तापतात. तपासायला सोपी युक्ती: चाकं धरलेली असताना मास्टर सिलेंडरचे बूस्टरवरचे (पॅडलचा जोर वाढवणाऱ्या गोल डब्यावरचे) दोन नट ढिले करून सिलेंडर दोन-तीन मिलिमीटर पुढे ओढा. चाकं सुटली तर पुशरॉडचं सेटिंग चुकलंय.

याहून वाईट शक्यता म्हणजे डबीत चुकीचं तेल. घाईत कोणी इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं तेल टाकलं तर मास्टर सिलेंडरपासून चारही चाकांपर्यंतची रबरं फुगतात. डबीच्या झाकणाखालचा रबरी पडदा फुगून लिबलिबीत झालेला दिसला तर गाडी हलवू नका. अशा वेळी सिस्टिममधलं प्रत्येक रबर बदलावं लागतं, नुसतं ऑइल बदलून भागत नाही.

मागचे ड्रम आणि पावसाळा

मागचं चाक धरत असेल तर दहापैकी सात-आठ वेळा हँडब्रेक दोषी निघतो असा माझा अंदाज. मुंबईत पार्किंगमध्ये महिना-महिना उभी असलेली गाडी, किंवा कोकणात घरी पावसाळाभर झाकून ठेवलेली गाडी गणपतीत बाहेर काढायला जावं तर मागचं चाक हलतच नाही. ओल्या ड्रमला लायनर गंजाने चिकटलेलं असतं. क्लच सोडून इंजिनच्या जोरावर ओढायचा प्रयत्न करू नका, लायनर शूपासून सुटून येतं. गाडी पहिल्यात आणि रिव्हर्समध्ये हळूच मागे-पुढे झुलवा. नाही सुटलं तर चाक काढून ड्रमच्या कडेला चहूबाजूंनी लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने ठोका. 'टक्' आवाज करून सुटतं. पावसाळ्यात गाडी लावताना हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाला दगड लावावा.

रोज चालणाऱ्या गाडीचं मागचं चाक धरत असेल तर केबल बघा. चाक उचलून, हँडब्रेक सोडून, केबल लिव्हरजवळच्या ॲडजस्टर नटवर पूर्ण ढिली करा. चाक सुटलं तर एकतर केबल जास्त ताणलेली होती किंवा ती आवरणात गंजून अडकली आहे. अडकलेल्या केबलमध्ये तेल सोडून ती काही आठवडे चालते. नवी घालणं बरं. बसवल्यावर लिव्हर चार ते सात टकांत घट्ट व्हावा. दोन टकांतच घट्ट होतोय म्हणजे शू कायम ड्रमला टेकलेले आहेत.

ड्रम काढावा लागला तर काही ड्रमवर आट्यांची दोन भोकं असतात, त्यांत ८ मिलिमीटरचे बोल्ट आळीपाळीने आवळले की ड्रम बाहेर येतो. काही छोट्या गाड्यांत ड्रम आणि हब एकच असतं. मधली टोपी काढून मोठा नट सोडावा लागतो आणि तो परत बसवताना बेअरिंगचा हिशेब सांभाळावा लागतो, तिथे मेकॅनिक बोलवा. ड्रम उघडा असताना पॅडल कोणीही दाबायचं नाही, नाहीतर व्हील सिलेंडरचे (ड्रमच्या आत शू दाबणाऱ्या छोट्या सिलेंडरचे) पिस्टन बाहेर पडतात. व्हील सिलेंडरच्या बुटाची कड उचलून बघा, आत ओलं असेल तर सिलेंडर गळतोय. स्प्रिंगा सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे दुसरी बाजू नमुना म्हणून समोर राहते. शू ज्या पत्र्यावर सरकतात त्या पत्र्यावर सहा ठिकाणी घासून चकचकीत झालेले ठिपके असतात. तिथे खाचा पडल्या असतील तर शू त्यातच अडकतात. कानसीने सपाट करा आणि ग्रीसचं अगदी नखाएवढं बोट लावा, लायनरला न लागू देता.

एअर काढणं आणि पहिली फेरी

होज किंवा पिस्टन उघडला असेल तर एअर काढावीच लागते. डबी रिकामी होऊ दिली नसेल तर बहुतेक वेळा उघडलेल्या चाकाची एअर काढून भागतं. डबी रिकामी झाली असेल तर चारही चाकं, गाडीच्या मॅन्युअलमधल्या क्रमाने. आतला माणूस पॅडल दाबून धरतो, बाहेरचा निपल उघडतो, ऑइल आणि बुडबुडे येतात, निपल बंद झाल्यावरच आतला पाय उचलतो. दोघांनी 'दाबलं' आणि 'सोड' एवढेच दोन शब्द वापरावेत, तिसरा शब्द आला की गोंधळ होतो. नळीत बुडबुडा दिसेनासा होईपर्यंत करत राहा आणि दर चार-पाच दाबांनंतर डबी भरा. सीलबंद डब्यातलं, झाकणावर लिहिलेल्या प्रकारचंच ऑइल घ्या. कपाटात वर्षभर उघडा पडलेला डबा वापरू नका.

चाक बसवलं, नट आवळले, आता सगळ्यात महत्त्वाचं: इंजिन सुरू करण्याआधी पॅडल दहा-बारा वेळा दाबा. पिस्टन आत ढकलल्यामुळे पहिली दोन-तीन पॅडलं थेट जमिनीला टेकतात. हे विसरून गाडी रिव्हर्समध्ये घेतली की मागची भिंत थांबवते. पॅडल वर आणि कडक आलं, दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात नाही, मग इंजिन सुरू करा. बूस्टरमुळे ते किंचित खाली जाईल, ते ठीक आहे.

मोकळ्या सपाट रस्त्यावर २० च्या वेगाने दोन-तीनदा थांबून बघा. सरळ थांबते का, खेचते का. मग सुरुवातीसारखीच पाच-सात किलोमीटरची फेरी मारून डावं-उजवं चाक ताडून पहा. दोन्हीकडे जवळपास सारखी ऊब असली की झालं. चाकाचे नट दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा आवळा. उघडलेल्या प्रत्येक जोडाखाली रात्रभर जुनं वर्तमानपत्र अंथरून ठेवा. सकाळी त्यावर थेंब दिसला किंवा डबीतली पातळी उतरलेली दिसली, तर तो जोड घट्ट होईपर्यंत गाडी गेटबाहेर काढू नका.